हाताला यश नाही

माझा मामा कटिंग मास्तर. शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात त्याने उभं आयुष्य कापड कापण्यात घालवलं. त्याचं म्हणणं असं, की शिंपी चुकला तर एक शर्ट बिघडतो आणि कटिंग मास्तर चुकला तर अख्खी ऑर्डर बोंबलते. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर पसरायचे, वर आखलेला कागद ठेवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन त्यातून फिरवायचं. पातं एकदा आत शिरलं की माघार नाही. असं काम करणारा माणूस गंभीर आणि अबोल असेल असं कुणालाही वाटेल. मामा भयंकर बडबड्या. जेवताना बोलतो, दाढी करताना बोलतो आणि ऐकायला कुणीच नसलं तर मामीच्या शिलाई मशीनला सल्ले देतो.

नोकरीसाठी मी त्याच्याकडे राहायला आले तेव्हा मामीने पहिल्याच दिवशी बजावलं, "रविवारी दुपारी पुढच्या खोलीत झोपायचं मनात आणू नकोस. तिथे यांची विद्यापीठं भरतात." विद्यापीठ म्हणजे पोकरचा डाव. हा खेळ कारखान्याच्या टेम्पोवाल्याने आणलेला. तो तरुणपणी कुठल्याशा जहाजावर भांडी घासायला होता आणि जगभर फिरून एवढी एकच गोष्ट शिकून परत आला. पैसे लावायला मामीची सक्त मनाई, म्हणून कारखान्यातली टाकाऊ बटणं लावायची. मामा, टेम्पोवाला आणि वहिनी असे तिघं खेळायचे. चौथी भिडू म्हणून मला ओढून बसवण्यात आलं.

वहिनी नात्याने आमच्या कुणाच्याच वहिनी नव्हेत. त्यांचा नवरा कारखान्यात इस्त्रीवर होता आणि सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. दादा गेले, वहिनी काज-बटणाच्या खात्यात राहिल्या. पण मधल्या सुट्टीत डबा उरकून त्या मामाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि असं करत करत त्यांनी कटिंग शिकून घेतलं. मामाने त्यांना पातं हातात दिलं ते पुष्कळ वर्षं फक्त कापड पसरायला लावल्यानंतर. "माझ्यापेक्षा सरळ चालतो हात बाईंचा," असं तो घरी म्हणाला होता. मामाच्या तोंडून स्वतःपेक्षा कुणी सरस असल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं आहे.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मग मध्ये पाच उघडे पत्ते येतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला बटणं लावायची, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही, त्यामुळे मी हरायचे. एकदा लागोपाठ हरले तेव्हा पत्ते आपटून म्हटलं, "माझं नशीबच फुटकं आहे."

मामा उठला आणि बटणांची बरणी घेऊन आला. बरणीत पांढरी बटणं जास्त होती, काळी कमी. त्याने माझ्यासमोर ती खडखड हलवली आणि म्हणाला, "डोळे मीट. मूठभर काढ." मी काढली. मूठ उघडली तर जवळजवळ सगळी काळी.

"आता सांग, बरणीत कुठली जास्त?"

"पांढरी. दिसतायत ना समोर."

"दिसतायत म्हणून सांगतेस. बरणी झाकलेली असती तर? तर शपथेवर सांगितलं असतंस की काळीच आहेत. बाई माझे, मुठीवरून बरणी ओळखायची नाही. पुष्कळ मुठी काढाव्या लागतात. तुझ्या एका दुपारीत काय आलं नि काय गेलं, त्यावरून तुला खेळता येतं की नाही हे देवालाही कळणार नाही. तू पत्ते कुठे टाकलेस आणि कुठे लावलेस, एवढंच बघायचं."

"मग मला खेळता येतं?"

"नाही. पण ते तू हरलीस म्हणून नाही."

टेम्पोवाला इतका हसला की त्याची बटणं खाटेखाली गेली.

या विद्यापीठाचा एक रिवाज होता, मामानेच पाडलेला. कुणी मोठा डाव हरला की मामा विचारायचा, "परत हेच पत्ते आले तर काय कराल?" हरलेल्याने सांगायचं. बाकीच्यांना पटलं की तो बरोबर खेळून हरला, तर त्या दुपारच्या चहाचा पहिला कप त्याचा. जिंकणाऱ्याला काही नाही. एकदा वहिनींच्या हातात दोन एक्के आले. त्यांनी सगळी बटणं पुढे सरकवली. टेम्पोवाल्याकडे सत्ती आणि दुर्री, म्हणजे केरात टाकायचे पत्ते, पण तो म्हणाला होऊन जाऊ दे. मध्ये सत्ती आली आणि अगदी शेवटी दुर्री आली. दोन जोड्या झाल्या, त्या एका जोडीला भारी, आणि वहिनींचे एक्के बसले बोंबलत. टेम्पोवाला खुर्चीवर उभा राहून नाचला.

"वहिनी, परत एक्के आले तर?" मामाने विचारलं.

"हेच करीन की."

"बरोबर खेळलात," मामा म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "पहिला कप वहिनींना!" वहिनींनी तो कप असा घेतला, जणू बटणं त्यांनीच जिंकली होती. मला हे सगळं पोरकट वाटायचं आणि आवडायचंही.

मग मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी तो म्हणत राहिला की कारखान्यातले दिवे मंद झालेत. मग एकदा पातं आखलेल्या रेषेवरून घसरलं, कापड वाचलं, पण मामाने मशीन बंद केलं आणि मालकाकडे गेला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, पण पात्याचं काम आता विसरा. मालकाने विचारलं, तुमच्यानंतर टेबल कुणाला द्यायचं? मामाने दोन नावं सांगितली. एक वहिनी. दुसरा सुसाट.

सुसाट हा मामाच्या हाताखालचा कटर. नाव त्याला कामामुळे पडलं. माणूस वाईट नव्हे, हसतमुख, कुणाच्याही मदतीला धावणारा, पण कामाला लागला की वारा प्यालेला. आता कापड कापायच्या आधी एक नियम असतो. नवा तागा आला की त्याचा तुकडा काढायचा, भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री मारायची आणि मोजायचं, कापड किती आटतं ते. मग त्या मानाने कागद आखायचा. सुसाट हे करायचा नाही. दोन बोटांत कापड चुरगळायचा आणि म्हणायचा, "नाही आटत हे." वहिनी मात्र ताग्याच्या दोन्ही टोकांचे तुकडे भिजवायच्या. नियमात एकच टोक होतं. मामा त्यांना चिडवायचा की तुम्ही तागा कापत नाही, त्याला आंघोळ घालता.

मालकाने दोघांना एक हंगाम दिला. दोघांना वेगवेगळी टेबलं, वेगवेगळे माल. मामाने फक्त बघायचं आणि शेवटी सांगायचं.

वहिनींचा पहिला माल झक्क गेला. दुसरा गेला, आणि परत आला. गिऱ्हाइकाने शर्ट धुतले तर एक बाही मनगटावर आणि दुसरी वीतभर वर. वहिनींनी दोन्ही टोकं भिजवून बघितलेली होती, तुकडे जपून ठेवलेले होते. मामाने ते तुकडे आणि तागा घेऊन छडा लावला. मिलमध्ये मशीन मध्येच थांबलं असावं, ताग्याच्या पोटातलं कापड कच्चं, आटायचं राहिलेलं होतं. दोन्ही टोकं शहाणी आणि मधलंच वेडं. हे जगातल्या कुठल्याही कटरला कळलं नसतं. त्यानंतर वहिनींनी महाग कापडाचे थर पसरले, नियमाप्रमाणे रात्रभर कापड सैलावायला ठेवलं आणि सकाळी येऊन बघतात तर वरच्या मजल्याचा पाइप नेमका त्या टेबलावर फुटलेला. कापडावर गंजाच्या पाण्याचे डाग. मालक डोक्याला हात लावून म्हणाला, "हिच्याच वाटणीला कसं येतं सगळं?"

सुसाटचा एकही शर्ट परत आला नाही. एकही तागा न भिजवता त्याने हंगाम काढला, आणि तोही ठरल्यापेक्षा लवकर.

हंगाम संपला त्या दिवशी मामा घरी आला आणि मुकाट्याने जेवायला बसला. मामीने माझ्याकडे बघितलं. मामा गप्प असला की आमच्या घरात पंखा बंद पडल्यासारखं वाटतं. शेवटी मीच विचारलं, "काय झालं टेबलाचं?"

"सुसाटला दिलं."

"काय? का पण?"

"मालकाने ठरवलं," मामा म्हणाला आणि भांड्यातलं पाणी संपवून उठला. मी मालकाच्या नावाने खडे फोडत राहिले. कापडातलं त्याला काय कळतं, दोन माल बिघडले की बसला घाबरून, वगैरे. मामा आतल्या खोलीत होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. तो एका शब्दानेही माझी री ओढेना. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वहिनी त्या रविवारीही आल्या. उलट त्याच मामाची समजूत घालायला लागल्या. "एवढं काय मनाला लावून घेता मास्तर? तुम्हीच शिकवलंत ना, बरोबर खेळूनही हरतो माणूस. मी हरले." आणि मामीने चहा आणला तेव्हा टेम्पोवाला म्हणाला, "पहिला कप वहिनींना, काय मास्तर?" मामा म्हणाला, "अं? हो, हो." त्याने कप उचलून त्यांच्याकडे दिला खरा, पण बघितलं भिंतीकडे. निम्मा चहा बशीत सांडला.

पुढे पुढे मामाचं काहीतरी विचित्रच चाललं. टेबल सोडलं तरी ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत तो देखरेखीला कारखान्यात जात होता. रोज संध्याकाळी टेम्पोवाल्याला गाठून विचारायचा, "काही माल परत आला का?" टेम्पोवाला म्हणायचा, नाही. मामाचा चेहरा पडायचा. मामी वैतागली. "अहो, चांगलं चाललंय तर सुतकी तोंड करून का बसता? कारखाना बुडावा म्हणून नवस केलाय का तुम्ही?" मामा चिडला, ताटावरून उठला, आणि थोड्या वेळाने परत येऊन गुपचूप जेवला. खरं सांगायचं तर मामीने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. सुसाटचा एक माल बिघडावा, एवढंच मामाला हवं होतं. तो बिघडत नव्हता.

आणि मग टेम्पोवाल्याने ती बातमी आणली. कारखान्यात बोललं जात होतं की वहिनींच्या हाताला यश नाही. डॉक्टरच्या हाताला यश असतं म्हणतात ना, तसं यांच्या हाताला नाही. कुणीतरी ऑफिसातून ऐकलं, खाली सांगितलं, आणि एव्हाना सगळ्यांना ते पाठ झालं होतं. त्यांच्या कारखान्यात नव्या ऑर्डरचा पहिला शर्ट शिवून झाला की त्याचं पहिलं काज कुणी घालायचं, याला मान असतो. ते काज वर्षानुवर्षं वहिनी घालायच्या. आता कारागीर पहिला शर्ट त्यांच्या समोरून नेऊन शेजारणीला देऊ लागले. कुणी वाईट बोलत नव्हतं. नुसतं नेत होते.

"कोण नालायक असं बोललं?" मी विचारलं.

"मालकच म्हणाला असेल," टेम्पोवाला म्हणाला. मामा बटणं मोजत होता. तीच तीच परत मोजत होता.

त्याच दुपारी तो डाव झाला. मामाकडे नव्वी आणि तिर्री. कुणीही शहाणा माणूस टाकून देईल असे पत्ते, आणि इतर वेळी मामाने मला ते धरून ठेवल्याबद्दल अर्धा तास झापलं असतं. मध्ये राजा, राणी आणि नव्वी आली. वहिनींनी सगळी बटणं पुढे लोटली. त्या अशा लोटतात तेव्हा त्यांच्याकडे काहीतरी असतंच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मामाने काहीही न बघता स्वतःची सगळी बटणं पुढे केली. वहिनींनी पत्ते उलटले, राजा आणि राणी, दोन भक्कम जोड्या. मामाकडे नुसती एक नव्व्यांची जोडी. मग पंजी आली. मग शेवटचा पत्ता आला, नव्वी. तीन नव्व्या, दोन जोड्यांना भारी.

टेम्पोवाल्याने टाळी मारली. "मास्तर, काय नशीब हो!"

वहिनी हसल्या. अगदी मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, सपशेल चुकीचं खेळलात आणि जिंकलात. आता तुम्हाला चहाच नाही."

मामा उठला. ढीगभर बटणं तशीच टाकून मागच्या अंगणात गेला. मी पाठोपाठ गेले, कारण त्याला नीट दिसत नव्हतं आणि तिथे कपड्यांची दोरी गळ्याच्या उंचीवर होती. तो धुण्याच्या दगडावर बसला होता.

"मी म्हणालो," मामा म्हणाला.

"काय म्हणालास?"

"यश नाही म्हणून. मालक नाही म्हणाला. मी म्हणालो."

मला आधी कळेचना. मग त्याने सगळं सांगितलं. हंगाम संपल्यावर मालकाने त्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर ती आटलेली बाही पडलेली होती. मालक म्हणाला, मास्तर, तुम्ही म्हणाल त्याला देतो, पण बाईंचं नाव घेतलंत आणि पुन्हा माल बिघडला तर लोक काय म्हणतील सांगू? म्हणतील, मास्तरांचे डोळे गेले तशी पारखही गेली. मामा ते ऐकून घाबरला. सरळ सुसाटचं नाव घ्यायचीही लाज वाटत होती. वहिनींच्या कामात तर काढायला खोट सापडेना. मग तो म्हणाला, "हात चांगलाय हो बाईंचा. पण हाताला यश नाही."

"मामा!" मी म्हटलं. "तू? मुठीवरून बरणी? दर रविवारी आमचं डोकं खातोस आणि तू?"

"बटणांत सोपं असतं गं," मामा म्हणाला. "बटणं गेली तर काय जातं?"

मला इतका राग आला होता की त्याला तिथेच दगडावर सोडून आत जावंसं वाटलं. गेले नाही. तो रडत नव्हता, मोतीबिंदूच्या डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं, असं त्यानेच मला सांगितलं.

"रोज वाट बघतोय," तो म्हणाला. "सुसाटचा माल बिघडला की जाऊन मालकाला सांगेन, माझी चूक झाली. पण तो बिघडतच नाही."

"आणि कधीच बिघडला नाही तर?"

मामाने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "तरी चूकच." हे शब्द त्याने असे उच्चारले, जणू कुणीतरी त्याच्या तोंडून ओढून काढले होते. "त्याने न भिजवता कापलं ते तरी चूकच. मी बोललो तेही."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि त्याला घेऊन मालकाकडे गेले. ऑफिस लहानसं, खिडकीतून खालची सगळी मशीनं दिसतात. मालकाने खुर्ची दिली, डोळ्यांची चौकशी केली.

"मालक, टेबलाचं मी चुकीचं सांगितलं," मामा म्हणाला. "टेबल वहिनींना द्यायला हवं होतं."

"का? सुसाटने काही केलं का?"

"नाही."

"माल परत आलाय का? मला कुणी बोललं नाही."

"काही परत आलेलं नाही. उत्तम चाललंय. म्हणूनच आज आलो. परत आल्यावर काय, कुणीही सांगेल." आणि मग मामाने समजावायला सुरुवात केली. ती आटलेली बाही, ताग्याचं पोट, फुटलेला पाइप, न भिजवलेले तागे. त्याने पोकरही सांगितला, एक्केही सांगितले. मालक ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की म्हातारा माणूस हळवा झालाय एवढंच त्याला वाटतंय.

"आणि यश नाही म्हणालो, ते मी माझी कातडी वाचवायला म्हणालो," मामा म्हणाला.

मालक जरा अवघडला. मग खांदे उडवून म्हणाला, "बरं. तुम्ही एवढं म्हणताय तर पुढच्या हंगामात दुसरं टेबल चालू करतोच आहोत, ते देऊ बाईंना. विचारा त्यांना. मी काही त्यांच्या वाईटावर नाही."

जिना उतरताना मामाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखायला लागलं. खाली आल्यावर तो बोलायला लागला तो वहिनींच्या दारापर्यंत थांबला नाही. आता टेबलाला दिवा कुठला लावायचा, वहिनींना नवं पातं घेऊन द्यायला मालकाला कसं पटवायचं, काय नि काय. कित्येक दिवसांनी पंखा सुरू झाला होता.

वहिनी कामावरून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांची एक खोली, खिडकीशी मशीन आणि भिंतीला टेकून ठेवलेलं दादांचं इस्त्रीचं टेबल. त्यांनी मामाला हाताला धरून बसवलं. मामाने टेबलाची बातमी सांगितली. वहिनींचा चेहरा आधी खुलला, मग त्यांनी विचारलं, "मालकांचं मन एकदम कसं बदललं?"

मी मनात म्हटलं, मामा, आता गप्प बस. एवढं एकदा गप्प बस. पण तो खरं सांगायला आला होता आणि त्याने सगळं सांगितलं. बाही, भीती, आणि ते वाक्य. जसं म्हणाला होता तसं.

वहिनी ऐकत राहिल्या. मग त्यांनी मशीनवरचा शिवायला घेतलेला कपडा घडी करून बाजूला ठेवला.

"मला वाटत होतं मालक म्हणाले," त्या हळू म्हणाल्या. "म्हटलं, त्यांना काय कळतंय कापडातलं. म्हणून मनाला लावून घेतलं नव्हतं मी."

"वहिनी, खोटं होतं ते. तुम्हाला माहीत आहे खोटं होतं ते."

"तुम्ही मला हात धरून शिकवलंत मास्तर. माझा हात तुमच्याइतका कुणी बघितलाय?"

मामा पुढे सरकला आणि पुन्हा सगळं सांगू लागला. ताग्याचं पोट, पाइप, एका हंगामाने काहीच कळत नाही. वहिनी मान डोलवत होत्या. त्यांना हे सगळं येत होतं, त्यांनीच त्याची समजूत घालायला हे सगळं म्हटलं होतं. शेवटी म्हणाल्या, "उद्या सांगते मालकांना काय ते." आणि चहा टाकायला उठल्या. आम्ही चहा घेतला. पोकरचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने मला कारखान्यात सोबत नेलं. काज-बटणाच्या खात्यात मधोमध उभा राहिला आणि मशीनांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "वहिनींच्या हाताला यश नाही असं मी बोललो होतो. भीतीने बोललो, खोटं बोललो. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी ते विसरावं." बायका मशीनं थांबवून बघत राहिल्या. एकदोघी एकमेकींकडे बघून हसल्या. वहिनी मान खाली घालून दोरा ओवत होत्या.

थोड्या वेळाने नव्या ऑर्डरचा पहिला शर्ट आला. कारागिराने मामाचं बोलणं ऐकलं होतं. तो मुद्दाम वळसा घालून आला आणि शर्ट वहिनींच्या समोर ठेवला. मामाने कान टवकारले. एवढ्या अंतरावरचं त्याला नुसतं पांढरं धुकं दिसत होतं.

वहिनींनी शर्ट उचलला. पुढची पट्टी हाताने सरळ केली, काजाची जागा अंगठ्याने दाबून बघितली. मग शर्ट शेजारणीच्या मशीनवर सरकवला. "तू घाल गं," त्या म्हणाल्या. "उगाच कशाला. मोठी ऑर्डर आहे." टेबलाचं काय ते त्यांना वेगळं विचारायची गरज राहिली नाही.

मशीन सुरू झालं. मामाने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने माझा हात चाचपून धरला.

"घातलं ना वहिनींनी?" त्याने विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं.

"नाही, मामा," मी म्हटलं. "शेजारणीला दिलं."